बार्नकलाचें बाळपण

ठाण्याच्या स्टेशनावर पूर्वेच्या बाजूस उतरून कोपरींतून मीठबंदराच्या रस्त्यानें चालत राहिलें म्हणजे वस्ती संपतां संपतां खाडीचा वास येऊं लागतो. भरती असेल तर तेथें पाहण्यासारखें फारसें कांहीं नसतें. गढूळ पाणी, तिवरांचे शेंडे आणि पलीकडे ऐरोलीच्या बाजूच्या इमारती. ओहोटीच्या वेळीं मात्र पाणी आपली झांकलेली बाजू उघडी करतें. तिवरांच्या बुंध्यांवर, बंदराच्या दगडांवर, चिखलांत रुतून पडलेल्या एखाद्या जुन्या होडीच्या फळ्यांवर, एका ठराविक उंचीपर्यंत पांढरट, खरखरीत, शंकूच्या आकाराच्या कवचांचा थर बसलेला दिसतो. लहानपणीं या थरानें आमच्या तळपायांचें जें रक्त काढलें त्याची आठवण पन्नास वर्षांनंतरहि ताजी आहे. त्या वयांत आम्ही त्याला दगडावर उठलेला एक प्रकारचा खरूज समजत होतों. तो सजीव आहे, एवढेंच नव्हे तर तो खेंकड्याचा व कोळंबीचा सगोत्र आहे, असें त्या वेळीं कोणी सांगितलें असतें तर आम्हीं तें थट्टेवारी नेलें असतें.

आमचें हें अज्ञान फारसें लाजिरवाणें नव्हतें. १८३० सालापर्यंत युरोपांतील मोठमोठ्या पंडितांचीहि स्थिति याहून निराळी नव्हती. या जीवाचें नांव बार्नकल. त्याला ओळखण्यांत विद्वानांच्या हातून ज्या चुका झाल्या, आणि ज्या एका गोष्टीमुळें त्या सुधारल्या, त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ती गोष्ट म्हणजे त्याचें बाळपण.

कोळी बांधवांपुरतें बोलावयाचें तर त्यांना हा जीव कोणत्या वर्गांत मोडतो याची चिंता कधींच नव्हती. तो होडीच्या तळाला लागतो, होडी जड करतो व तिची चाल मारतो, एवढें ज्ञान त्यांना पुरेसें होतें. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या कांठावर ओढाव्या, तळ खरवडून काढावा, त्यावर तेलाचा हात फिरवावा आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुनः पाण्यांत लोटाव्या, हा कोंकणपट्टीवरील पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. चेंदणीच्या कोळीवाड्यांतहि तो होता. आतां या खाडींतील मासेमारीच पूर्वीसारखी राहिली नाहीं. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर शिवाजी महाराजांनीं याच खाड्यांच्या आश्रयानें आपल्या आरमाराचा पाया घातला. त्या गुराबांना व गलबतांना शत्रूच्या तोफांइतकाच या मुक्या शत्रूचा उपसर्ग पोंचला असणार, कारण खारें पाणी स्वराज्य व परराज्य असा भेद करीत नाहीं.

युरोपांतील कथा मात्र अधिक अद्भुत आहे. उत्तर समुद्राच्या कांठीं वाहून आलेल्या ओंडक्यांना देंठाचे बार्नकल लटकलेले आढळत. त्यांच्या कवचांतून पिसांसारखे तंतू बाहेर डोकावत. त्याच किनाऱ्यांवर हिंवाळ्यांत एका जातीचे हंस येत, परंतु त्यांचीं घरटीं व अंडीं कोणी कधीं पाहिलीं नव्हतीं. दोन अज्ञानें एकत्र आलीं म्हणजे एक सिद्धान्त तयार होतो! हे हंस या कवचांतूनच जन्मतात, असें बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधील जेराल्ड नांवाच्या धर्मोपदेशकानें आयर्लंडच्या वर्णनांत लिहून ठेवलें. आणि जो पक्षी मांसापासून जन्मला नाहीं तो उपवासाच्या दिवशीं खाण्यास हरकत नाहीं, असा सोयीस्कर निष्कर्षहि कांहीं धर्मगुरूंनीं काढला. तेराव्या शतकांत सम्राट् दुसरा फ्रेडरिक यानें असलीं कवचें मागवून स्वतः तपासलीं आणि त्यांत पक्ष्याचा मागमूस नाहीं असें स्पष्ट नमूद केलें. पण राजाज्ञेनें दंतकथा मरत नाहीं. १५९६ सालीं डच खलाशांना उत्तर ध्रुवाकडील स्पिट्‌सबर्गेनच्या किनाऱ्यावर हंस अंड्यांवर बसलेले प्रत्यक्ष आढळले. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १५९७ सालीं, इंग्लंडांत जेरार्डचा प्रसिद्ध वनस्पतिग्रंथ निघाला, आणि त्यांत हंस प्रसवणाऱ्या झाडाचें चित्र दिमाखानें छापलेलें होतें.

पुढें शास्त्राचा काळ आला. झाडावरचे हंस गेले. त्यांच्या जागीं दुसरी चूक येऊन बसली, आणि ती पंडितांची असल्यामुळें अधिक टिकाऊ ठरली. कवच आहे, जागा सोडीत नाहीं, मऊ अंग आंत दडलेलें आहे. तेव्हां हा शिंपले-कालवांचाच भाईबंद, असा निर्णय लिनीअसपासून कूव्हिएपर्यंत सर्वांनीं दिला. कूव्हिए हा शरीररचनाशास्त्राचा त्या काळचा बृहस्पति. त्याला याच्या सांधेदार पायांनीं व मज्जातंतूंच्या ठेवणीनें बुचकळ्यांत टाकलें होतें. तरीहि त्यानें त्याला मृदुकाय प्राण्यांच्या पंक्तींतून उठविलें नाहीं. आम्हांला यांत कूव्हिएचा दोष फारसा वाटत नाहीं. म्हाताऱ्याचें तोंड पाहून त्याचें कूळ सांगावयाचें, आणि तें म्हातारपणहि असें कीं त्यानें तारुण्याची एकहि खूण बाहेर ठेवलेली नाहीं!

हा प्रश्न सोडविला तो कोणा नामांकित प्राध्यापकानें नव्हे, तर ब्रिटिश सैन्यांतील एका शस्त्रवैद्यानें. जॉन व्हॉन टॉम्सन याची नेमणूक आयर्लंडांतील कॉर्क बंदरीं होती. समुद्राच्या पाण्यांत बारीक कापडाची जाळी ओढून त्यांत काय सांपडतें तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें, हा त्याचा छंद. आज ही पद्धति कोणत्याहि समुद्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्या आठवड्यांत शिकवितात. त्या काळीं ती वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेहि नव्हते. १८२६ सालच्या वसंत ऋतूंत त्याच्या जाळींत कांहीं पारदर्शक जीव आले. दोन शिंपांच्या मधें मिटलेलें अंग, पोहण्याचे पाय आणि दोन ठळक डोळे. गोड्या पाण्यांतील ‘सायप्रिस’ नांवाच्या एका क्षुद्र कवचधारी जीवासारखें हें रूप होतें. टॉम्सननें ते समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या कांचेच्या भांड्यांत सोडले व रोज पाहत राहिला. कांहीं दिवसांनीं ते दिसेनासे झाले. तळाशीं पाहतो तों कांचेला घट्ट चिकटलेले चिमुकले बार्नकल! पोहणाऱ्या प्राण्यानें आपले डोळेसुद्धां जुन्या कातेबरोबर टाकून दिले होते.

१८३० सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. त्याला आधीं कोणी फारसें मानलें नाहीं. पण १८३४ सालीं जर्मनींत बुर्मायस्टरनें स्वतंत्रपणें तेंच दाखविलें, आणि बार्नकल कवचधारी संधिपादांच्या, म्हणजे खेंकडे-कोळंबीच्या कुळांत कायमचा दाखल झाला. टॉम्सनची योग्यता याहून मोठी होती. खेंकड्याचीं पिलें निराळ्याच रूपानें पाण्यांत तरंगतात, हेंहि त्यानेंच सिद्ध केलें. पुढें तो ऑस्ट्रेलियांत सिडनीस गेला व १८४७ सालीं तेथेंच वारला.

टॉम्सननें उघडलेल्या या दारांतून पुढें जो गृहस्थ आंत शिरला तो चांगला आठ वर्षें बाहेर आला नाहीं. चार्ल्स डार्विनला १८३५ सालीं चिलीच्या दक्षिणेकडील बेटांवर, एका शिंपल्याला भोंक पाडून राहणारा, स्वतःचें कवच नसलेला एक विलक्षण बार्नकल सांपडला होता. १८४६ सालीं त्यानें त्याचें वर्णन लिहावयास घेतलें. तें नीट लिहावयाचें तर इतर जाति पाहिल्या पाहिजेत. त्या पाहावयाच्या तर सर्वच पाहिल्या पाहिजेत. घरांत सूक्ष्मदर्शक आणि जगभरांतून आलेल्या डब्या यांचें राज्य झालें. १८५१ व १८५४ सालीं त्याचे जाडजूड ग्रंथ निघाले. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त टिपणवहींत तयार असतां तो बार्नकल का फोडीत बसला, असा प्रश्न कित्येक चरित्रकारांनीं विचारला आहे. आम्हांला वाटतें कीं एकाच अवयवाचें रूप जातीजातींगणिक कसें बदलत जातें हें ज्यानें आठ वर्षें बोटांनीं चाचपलें, त्याचा तो सिद्धान्त निराळ्याच बळानें उभा राहणार हें उघड आहे.

१८५४ सालच्या ग्रंथांत डार्विननें ज्या जातीला ‘बॅलॅनस ॲम्फिट्राइटी’ असें नांव दिलें, तीच आज मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत सर्वत्र आढळते. शास्त्रज्ञांनीं अलीकडे तिचें कुलनाम बदलून ‘ॲम्फिबॅलॅनस’ केलें आहे. योगायोग असा कीं त्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ठाण्याची आगगाडी खाडी ओलांडून कल्याणास गेली. खाडींत पुलाचे खांब उभे राहिले, आणि या जीवाला बसावयास नवीं आसनें मिळालीं.

या ग्रंथांत डार्विनकडून एक ठळक चूक झाली. बार्नकल ज्या चिक्यानें स्वतःला जखडून घेतो, तो चीक करणाऱ्या पिंडांचा संबंध त्यानें अंडाशयाशीं जोडला. अंडाशयाचाच भाग बदलून हे पिंड झाले, असें त्याचें मत. १८५९ सालीं ऑगस्ट क्रोन या प्राणिशास्त्रज्ञानें तें खोडून काढलें. डार्विननें आपल्या आत्मचरित्रांत ही चूक मोकळ्या मनानें कबूल केली आहे. या चिक्याचा मार्ग पुढच्या शृंगिकांतून बाहेर पडतो, हें मात्र त्यानें अचूक ओळखलें होतें. बाकीचें काम पुढच्या शतकावर राहिलें, आणि तें मुख्यतः स्नायूंचें होतें.

आतां त्या बाळपणाकडेच वळूं.

आईच्या कवचांत उबलेलीं अंडीं फुटलीं कीं जो डिंभ बाहेर पडतो त्याला नॉप्लियस म्हणतात. आकार मिलिमीटरच्या अंशाएवढा. ढालीसारखी पाठ, कपाळावर दोन शिंगें, एकच डोळा आणि पायांच्या अवघ्या तीन जोड्या. त्यांतील शेवटच्या दोन जोड्या पोहण्याचें व अन्न गोळा करण्याचें अशीं दोन्ही कामें करतात. एवढ्या लहान जीवाला पाणी आपल्यासारखें पातळ लागत नाहीं. मधांतून हात मारावा तसें त्याला त्यांतून सरकावें लागतें. हात मारणें थांबलें कीं गतीहि तत्क्षणीं थांबते. म्हणून मागें रेटतांना पायांवरचे केस पंख्यासारखे पसरावे, परत आणतांना मिटून घ्यावे, अशी व्यवस्था. ती चालविणारे स्नायु पाठीच्या ढालीच्या आंतल्या बाजूस उगम पावून पायांच्या मुळाशीं येतात. दुसरे कांहीं पायांच्या आंतच एका पेरापासून दुसऱ्या पेरापर्यंत जातात. आपल्या दंडांतल्याप्रमाणें हेहि आडव्या रेघांचे, झटक्यानें आंखडणारे स्नायु आहेत.

२००९ सालीं या वंशांतील एका जातीच्या नॉप्लियसाच्या सर्व स्नायूंचा नकाशा प्रसिद्ध झाला. एका जहरी अळंब्यांतील विष स्नायूंच्या तंतूंना नेमकें जाऊन बिलगतें. त्याला चकाकणारा रंग जोडला कीं अंधारांत दीपमाळ उजळावी तसे सगळे स्नायु उजळून दिसतात. त्यावरून असें आढळलें कीं पहिल्या दिवसाच्या डिंभांतच स्नायूंची सर्व मांडणी पुरी असते, आणि तो सहा वेळां रूप पालटीत वाढला तरी तींत विशेष बदल होत नाहीं. वरच्या ओठाचे व अन्ननलिकेचे स्नायु मोठे भरदार. साहजिकच आहे, या अवस्थेचें एकच कर्तव्य, खाणें.

उष्ण पाण्यांत सुमारें आठवडाभर असें खाऊन झालें कीं शेवटची कात पडते आणि टॉम्सनच्या भांड्यांतला तो सायप्रिस डिंभ अवतरतो. हा अजिबात खात नाहीं. अंगांत सांठविलेल्या तेलावर त्याला एकच काम उरकावयाचें असतें, तें म्हणजे जन्मभराची जागा पाहणें. त्याच्या शरीरांतील प्रत्येक स्नायु या एका कामासाठीं नेमलेला आहे. दोन शिंपा मिटून घेणारा एक आडवा स्नायु. धडाखालीं पोहण्याच्या पायांच्या सहा जोड्या, ज्या एकदम मागें फेंकून तो उसळ्या मारीत जातो. आणि पुढें दोन शृंगिका, ज्यांवर तो चक्क चालतो. शृंगिकेच्या तिसऱ्या पेराला एक लहानशी तबकडी असते. ती टेंकवावी, दुसरी उचलावी, पुढें टाकावी, चौथ्या पेराच्या केसांनीं पृष्ठभाग चाचपून पाहावा, नापसंत पडला तर सहा जोड्यांची एक लाथ आणि पुढचा मुक्काम. ज्या ज्या ठिकाणीं तबकडी टेंकते तेथें तिच्या स्रावाचा बारीक ठसा उरतो, आणि मागून येणाऱ्या डिंभांना तो ठसा ओढून घेतो. कोपरीच्या दगडावर एकाला खेटून दुसरा बसलेला दिसतो त्याचें एक कारण या पाऊलखुणा.

जागा ठरली म्हणजे परत फिरणें नाहीं. शरीराच्या मध्यभागीं चिक्याचे दोन पिंड असतात. त्यांच्या नळीच्या वाटेवर स्नायूंनीं वेढलेली एक पिशवी आहे. १९७१ सालीं वॉकर या संशोधकानें ब्रिटनच्या किनाऱ्यावरील जातींत तिचें बारकाईनें वर्णन केलें. ती आंखडते, चीक शृंगिकांतून तबकडीवर उतरतो व पाण्यांतच घट्ट होतो. डार्विनला जें कोडें अंडाशयांत शोधावेंसें वाटलें, त्याचें एक उत्तर या चिमुकल्या पिशवींत होतें. यानंतर जें घडतें तें पाहून आम्हांला प्रथम विषाद वाटला होता. पोहण्याचे स्नायु विरघळतात. ज्यांवर तो चालला त्या शृंगिकांचे स्नायु जातात. दोन्ही संयुक्त डोळे गळून पडतात. अंग आंतल्या आंत फिरतें, भोंवतीं चुन्याच्या भिंती उठतात, आणि उरलेल्या सहा जोड्या पाय वर करून तो उताणा पडल्यासारखा कायमचा राहतो.

एकोणिसाव्या शतकांतील कित्येक लेखकांनीं याला अधःपात म्हटलें, आणि बैठ्या माणसांना उपदेश करण्यासाठीं त्याचा भरपूर उपयोगहि केला. आम्हांला हा आरोप अन्यायाचा वाटतो. स्नायु गेले ते प्रवासाचे. संसाराचे नवे आले. तेच पाय आतां लांब, केसाळ जाळें होतात. भरती आली कीं वरचें झांकण उघडतें, आंतील रक्ताच्या दाबानें जाळें फुलतें, स्नायूंनीं तें मिटून अन्नासकट आंत ओढलें जातें. ओहोटी लागली कीं झांकण मिटून आंतलें पाणी जपलें जातें. उन्हांत तापलेल्या दगडावर तासन्‌तास तग धरण्याचें सामर्थ्य याच मिटवणींत आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका प्रचंड बार्नकलाचे झांकण खालीं ओढणारे स्नायुतंतु तर इतके जाड असतात कीं नुसत्या डोळ्यांनीं एकेक तंतु वेगळा दिसतो. स्नायु आंखडतो तो आंत कॅल्शियम सुटल्यामुळें, हें १९६७ सालीं रिजवे व ॲशली यांनीं अशाच एका तंतूंत जेलीफिशचें प्रकाशणारें द्रव्य भरून प्रत्यक्ष पाहिलें. आपलें हृदय कसें आंखडतें हें समजून घेणाऱ्या शास्त्रानें या दगडावरच्या जीवाकडून कांहीं धडे घेतले आहेत.

आपल्याकडे या डिंभांचा अभ्यास दर्यावर्दी गरजेपोटीं सुरू झाला. मुंबईच्या नौदलाच्या रसायन व धातु प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९६० ते १९८० च्या दरम्यान मुंबई बंदरांतील बार्नकलांची पाहणी केली आणि डार्विनच्या या जातीचे डिंभ प्रयोगशाळेंत वाढविले. गोव्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतहि, खारेपणा, उष्णता व अन्न यांचा डिंभाच्या निवडीवर काय परिणाम होतो हें पाहिलें गेलें.

आणि या जीवाला आवरावें कसें? ब्रिटिश नौदलानें १७६१ सालीं ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांबें समुद्रांत किंचित् झिजतें आणि त्या झिजेच्या विषामुळें त्याला कांहीं चिकटत नाहीं. पण पत्रे झिजतात हें सरकारी खजिन्याला पाहवेना. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यानें लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबविण्याची युक्ति काढली. कोचीनला सागवानी लांकडांत बांधलेलें ‘समारंग’ जहाज त्यासाठीं निवडलें गेलें. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. तांबें झिजलें नाहीं. आणि झिजलें नाहीं म्हणूनच असें तांबें ल्यालेल्या जहाजांच्या तळांवर बार्नकल व शेवाळ यांचें रान माजूं लागलें. सरकारला हा नाद सोडून द्यावा लागला.

विसाव्या शतकांत रंगांत कथिलाचें एक जालीम संयुग मिसळूं लागले. त्यानें तळ स्वच्छ राहिले; पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरांतील कालवांचीं कवचें वेडींवांकडीं होऊं लागलीं व तेथील कालवें पिकविणारे बुडाले. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें हें विष निषिद्ध ठरलें व २००८ पासून तो करार अंमलांत आला. जी खाडी रोहितांसाठीं अभयारण्य ठरली आहे आणि २०२२ सालीं रामसर यादींत गेली आहे, तिच्या कांठीं राहणाऱ्यांना ही हकीकत परक्या देशाची म्हणून सोडून देतां येणार नाहीं.

म्हणून अलीकडे शोध मारण्याच्या औषधाचा नाहीं, तर डिंभाचें मन वळविण्याच्या औषधाचा चालला आहे. आणि तेथें पुनः स्नायूच आडवे आले आहेत. गुरांना व कुत्र्यांना शांत निजविण्यासाठीं पशुवैद्य मेडेटोमिडिन नांवाचें औषध वापरतात. स्वीडनमधील संशोधकांना २००० सालच्या सुमारास असें दिसलें कीं तेंच औषध अत्यल्प प्रमाणांत सायप्रिस डिंभाला लागलें तर तो निजत नाहीं, उलट लाथा मारीत सुटतो. कुत्र्यांत जें द्वार मज्जासंस्थेला स्वस्थ करतें, त्याच्या जागीं या जीवांत पोहण्याच्या पायांना चेतविणारें द्वार आहे. सहा जोड्या पाय सारखे झटकत राहतात, आणि शृंगिका टेंकविण्याला लागणारी क्षणभराची स्थिरता त्याला मिळत नाहीं. औषध मिसळलेल्या रंगाजवळ आलेला डिंभ असा नाचत नाचत दूर जातो. त्याला उचलून स्वच्छ पाण्यांत सोडलें कीं कांहीं वेळानें लाथा थांबतात, आणि तो आपल्या दोन शृंगिका पुढें करून पुनः जागा चाचपूं लागतो.